कुंदा, ओळखून काय उपयोग?

कुंदा, काल तुझ्या दहाव्याला माझगावच्या कोळीवाड्यात आले होते आणि तिथे बसूनही मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. तुझ्या ओट्यावर नर्सच नर्स. दवाखान्यांतल्या, प्रसूतिगृहांतल्या, निवृत्त झालेल्या, ड्युटी बदलून आलेल्या. तुझ्या शेजारणीने मला विचारलं, ही एवढी माणसं कोण तुमची? मी सांगितलं, हिच्या वर्गात बसलेल्या. तिला वाटलं तू शाळेत शिकवायचीस.

पेपरात द्यायला आईची माहिती लिहून दे, असं तुझी स्वाती निघताना म्हणाली. शिक्षण, नोकरी, निवृत्ती. मी हो म्हणाले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तिची माहिती तिला दुसरं कुणीतरी देईल.

आपण परळच्या हॉस्पिटलात नर्सिंगला लागलो आणि गिरण्यांचा संप झाला, हे दोन्ही माझ्या डोक्यात एकच होऊन बसलंय. माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांचेच बाप एकाएकी दिवसभर घरी दिसायला लागले. तुझी आई, हिराबाय, भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून लालबागच्या बाजारात बसायची. संप लांबला तसं गिऱ्हाईक आटलं, पण तिची पाटी रोज लागायची. सुट्टीच्या दिवशी मी घरी जाताना ती हाक मारून कागदात गुंडाळलेले बोंबील माझ्या हातात कोंबायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "ने गो. साचा बंद झाला म्हणून पोट बंद होतं का?"

तिची आरोळी चिवडा गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायची. "ताजं हाय गो, ताजं हाय!" त्यातला शेवटचा 'हाय' ती असा वर ओढायची की पलीकडच्या माणसाने वळून बघायलाच हवं. तू हॉस्टेलच्या मोरीत तिची नक्कल करायचीस आणि आख्खा मजला हसायचा. मेट्रनची चाल, डॉक्टरांचा खोकला, माझं मालवणी हेल काढून रडणं, तुला सगळं यायचं. ती तुझी मजा होती. पुढे त्या नकलेचं काय होणार आहे, ते तेव्हा तुलाही ठाऊक नव्हतं.

संपाला बरेच महिने उलटले होते. एका सकाळी बाजार भरात असताना हिराबायच्या हातून कोयता निसटला. तिने उचलला, पुन्हा निसटला. एका बाईने मांदेली मागितली तर तिने जड जिभेने काहीतरी भलतंच उत्तर दिलं. तोंड एका बाजूला गेलं होतं. ते दिवस असे होते की लालबागेत जड जिभेची माणसं रोज दिसत. काळजीने पिणारे वाढले होते. त्यामुळे कुणीतरी म्हणालं, आज हिरीने सकाळीच घेतली वाटतं. सगळे हसले. ती सांगायला गेली आणि जितकं सांगायला गेली तितके शब्द आणखी लटपटले. शेजारच्या कोळणींनी तिला गोणपाटावर आडवं केलं, झोपली की उतरेल म्हणून. दुपारी टॅक्सीत घालून घरी पाठवलं.

माझे बाबा त्या गर्दीत होते. संध्याकाळी ते हॉस्टेलच्या गेटावर आले आणि तुला म्हणाले, "तिच्या तोंडाक वास नव्हतो, गो कुंदा. मी वाकून बघितलंय."

एवढंच त्यांना ठाऊक होतं. लकवा त्यांना कळला नव्हता, मला कळला नसता आणि तुलाही नाही. आपण तेव्हा बेडपॅन आणि चादरींचे कोपरे शिकत होतो. पण गर्दीत एक माणूस वाकला होता, हे तू पुढे प्रत्येक वर्गात सांगितलंस, 'माझ्या मैत्रिणीचे बाबा' म्हणून. बाबांना त्याचा संकोच वाटायचा. पण एकदा मी त्यांना शेजाऱ्यांना सांगताना ऐकलं, की परळच्या नर्सा माझं उदाहरण घेतात.

दुसऱ्या दिवशी हिराबाय आपल्याच हॉस्पिटलात आली. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. वॉर्डातल्या डॉक्टरांना तू विचारलंस, काल सकाळीच आणली असती तर? ते खरं तेच म्हणाले, की मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायला माझ्याकडे काही नाही. काळजी घेतली असती, पण हात परत आणता आला नसता. त्यांनी तुला खोटा धीर दिला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

आपण वॉर्डाच्या पायरीवर बसलो. तुझी समजूत घालावी म्हणून मी म्हणाले, मग ओळखून तरी काय उपयोग झाला असता, कुंदा? तू माझ्याकडे वळलीसही नाहीस.

"तिला कुणी प्यायलेली म्हटलं नसतं, शैले."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. पुढे आपली लग्नं झाली, पोरं झाली, पस्तिशी-चाळिशी ओलांडली, गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी ते चालूच होतं. मी हिशेबी. उपचार नाही तर ओळखण्यात वेळ कशाला घालवायचा, त्यापेक्षा पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायला शिकवू, असं माझं म्हणणं. तू म्हणायचीस, कूस बदलायची ती कुणाची? आधी त्या माणसाला काय झालंय ते तर कळू दे.

हिराबाय घरी गेली तेव्हा तिला एक शब्द येत नव्हता. पाणी हवं तरी डाव्या हाताने दाखवायची आणि आपण चुकीचं काही दिलं की चिडून रडायची. मग एका रविवारी मी तुझ्याकडे जेवायला आले होते. तू सवयीने, चूल पेटवता पेटवता, तिची आरोळी ठोकलीस. "ताजं हाय गो..." आणि मागून, खाटेवरून, "ताजं हाय!" चढ्या सुरात, तो शेवटचा हेल धरून. तुझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. तू पुन्हा हाक दिलीस, तिने पुन्हा पुरी केली. 'पाणी' म्हणता न येणारी बाई आख्खी आरोळी देत होती. आपण दोघी तिच्या खाटेशी जाऊन बसलो. ती आपल्याकडे बघून हसत होती, अर्ध्या तोंडाने. इतकी वर्षं नोकरी केली, माणसाचं काय काय बघितलं, पण त्या दुपारइतकी मी थक्क कधी झाले नाही. एवढी थोरली आरोळी कुठल्या कोपऱ्यात शाबूत राहिली होती?

तू नुसती थक्क होऊन थांबली नाहीस, हे तुझं. आईकडे बघून बघून तू हॉस्टेलच्या आरशापुढे उभी राहायला लागलीस. अर्धा चेहरा सैल सोडायचा आणि अर्धा जागेवर ठेवायचा, हे किती अवघड आहे ते मी करून बघितलंय. मला नाही जमलं. तुला जमलं. फक्त तू डावी बाजू सोडायचीस. एकदा मी विचारलं तर म्हणालीस, आईची बाजू मी करणार नाही.

पहिले वर्ग नर्सांच्या खोलीत, चहाच्या वेळी. तू स्टुलावर बसायचीस, बोलता बोलता तुझा कप कलंडायचा, शब्द लटपटायचे, आणि नव्या मुली तुझ्याकडे बघून खिदळायच्या. मग तू एकदम सरळ व्हायचीस आणि विचारायचीस, "आता सांगा, मी प्यायले होते की आजारी?" मेट्रनबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी तुला बोलावून हॉस्पिटलात नाटकं नकोत म्हणून बजावलं. तू त्यांना एकदा बसून बघण्याची विनंती केलीस. त्या आल्या, शेवटपर्यंत बसल्या, चष्मा पुसला, आणि पुढच्या आठवड्यापासून वर्गाला मोठी खोली मिळाली. त्यांच्या घरी कुणाला काय झालं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही.

तू शिकवायचीस ते आता सगळीकडे भिंतींवर चिकटवलेलं दिसतं. दात दाखवायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, बोलायला लावा. पण तुझं तुझं असं त्यात बरंच होतं. पाठ असलेलं वाक्य म्हणून घेऊ नका, असं तू बजावायचीस. देवाचं नाव, पाढे, रोजची शिवी, हे सगळं आजारातही वाहून येतं आणि तुम्ही फसता. तुझ्या आईने तुला ते शिकवलं होतं. त्यापेक्षा आज सकाळी काय खाल्लंत ते विचारा. त्याला नवे शब्द जोडावे लागतात. पाणी पाजू नका, घशाखाली जाईलच असं नाही. साखर तपासा, कारण साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो. आणि सगळ्यात आधी, घरच्यांना विचारा, हा शेवटचा धडधाकट कधी दिसला? तुमच्या लक्षात कधी आलं, ते नव्हे. रात्री नीट झोपला आणि सकाळी वाकडा उठला, तर वेळ रात्रीची धरा.

हा शेवटचा प्रश्न तू विचारायला शिकवत होतीस तेव्हा त्या उत्तराचं करायचं काय, ते आपल्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. मी तुला त्यावरून छेडलंसुद्धा, की वेळ कळून काय घड्याळ मागे नेणार आहेस? आणि मग काही वर्षांनी गाठ विरघळवणारं इंजेक्शन आलं. काही तासांच्या आत द्यायचं, नंतर नाही. मी तेव्हा कॅज्युअल्टीची सिस्टर इन्चार्ज होते. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं की आता सगळं एका प्रश्नावर अडणार आहे, आणि तो प्रश्न फळ्यावर लिहिला. माझ्या सगळ्या पोरींनी तो त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचला, कारण त्यांना तो कधीचाच येत होता. डॉक्टरांनी विचारलं, कुणी शिकवलं? त्यांनी तुला त्याच दिवशी बोलावून घेतलं आणि पुढे तुमची जोडी जमली ती कायमची.

मी त्या संध्याकाळी तुला म्हणाले, जिंकलीस. तू म्हणालीस, यात जिंकण्यासारखं काय, औषध नसतं आलं तरी मी हेच शिकवलं असतं. मला राग आला. इतकी मोठी गोष्ट पदरात पडली तरी ही बाई ती घेईना. आता वाटतं, मला राग आला नव्हता. इतकी वर्षं औषधाविना कुणी तयारी करत राहतं कसं, हे मला कळत नव्हतं, आणि ते तुला विचारायचं राहून गेलं.

मग तो दिवस. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते तुझे. परळला हॉस्पिटलच्या हॉलमध्ये दवाखान्यांतल्या नर्सांचा वर्ग होता. मी टेबलावरची साखर तपासायची मशीन वगैरे मांडायला आले होते. त्यात एक सावंत सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. सुरुवातीलाच त्या म्हणाल्या होत्या की आमच्या दवाखान्यात लशी आणि टीबीच्या गोळ्या, आमच्याकडे असं कोण येतंय? तू त्यांना बसा म्हणालीस.

तू बोलत होतीस. हातातला खडू पडला. ओठाचा कोपरा खाली आला. बायका हसल्या, काहीजणी पुढे सरकून बघायला लागल्या. मी टेबलापाशी होते. माझ्या डोळ्यांसमोर होता तो उजवा कोपरा. कुंदा उजवी बाजू करत नाही, हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी धावले. पण माझ्याआधी सावंत सिस्टर उठल्या होत्या. त्यांना बाजूचं काही माहीत नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं, बाई स्वतःच्या हाताकडे असं बघत होत्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा टेबलावर राहिलाय.

त्यांनी तुला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "बाई, आज डब्यात काय आणलंय?"

तू तोंड उघडलंस. जे आलं त्यात डबा नव्हता, शब्दच नव्हते. हात उचला म्हटल्यावर डावा उचललास आणि उजवा मांडीवरच राहिला. हसणं थांबलं. मग मी जे पाहिलं ते असं, की त्या हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. एकीने भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ हातावर लिहिली. एकीने साखर तपासली. दोघी स्ट्रेचरला धावल्या. एका नव्या मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तिच्या मनगटाला तीन हातांनी एकदम धरलं. मी तुझ्याबरोबर कॅज्युअल्टीत शिरले आणि माझ्याच पोरींनी मला विचारलं, पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला? मी मागे बघितलं. तीसेक साक्षीदार दारात उभे होते.

स्कॅन झाला. रक्तस्राव नाही म्हणाले, म्हणजे इंजेक्शन देता येणार होतं. इंजेक्शन सुरू केलं. मी तुझा उजवा हात हातात घेऊन बसले होते. दुपार कलली तेव्हा तुझी करंगळी हलली. मला वाटलं माझीच हलली. मग अंगठा. मग तू माझं बोट दाबलंस, हलकं, कोंबडीच्या पिल्लाने टोचावं तसं. कुंदा, मी त्या वॉर्डात शेकडो हात पडलेले बघितले होते. इंजेक्शन सुरू झालं की पेशंट कॅज्युअल्टीतून पुढे जायचे; पडलेला हात डोळ्यांदेखत परत येताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो तुझा होता. सावंत सिस्टर पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुन्हा घातलाच नाही.

बोलायला लागलीस तेव्हा पहिल्यांदा तू मला हळूहळू, शब्द वेचत सांगितलंस, की सगळं कळत होतं. आतून तू बघत होतीस कोण काय करतंय, आणि गुण देत होतीस. पाणीवालीला नापास केलं होतंस. आपण इतक्या हसलो की नर्स बघायला आली.

तुझं बोलणं नंतर थोडं संथ राहिलं. तुला ते आवडायचं नाही, मला आवडायचं. पहिल्यांदाच तुझ्याशी भांडताना मला मध्ये बोलायला मिळत होतं. निवृत्तीनंतरही तू वर्ग घेत राहिलीस. आता उजवी बाजू करून दाखवायचीस. तूच एकदा शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसलो होतो तेव्हा म्हणालीस, आईला आतून काय वाटत असेल ते मला इतकी वर्षं नक्की ठाऊक नव्हतं, आता आहे. तेवढं बोलून तू उठून चालायला लागलीस.

आणि मग हे. दुसरा झटका. स्वातीने सकाळी ओळखला, क्षणभरही घालवला नाही. वेळ सांगितली, पाणी दिलं नाही, थेट आणलं. सगळं तू शिकवलं तसं. पण या वेळी स्कॅनमध्ये रक्त होतं, खूप. डॉक्टर बाहेर येऊन आपल्या माणसासारखे बोलले, की काही करता येण्यासारखं नाही. ते गेले आणि मी त्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. आपली ती वॉर्डाची पायरी तिथून फार लांब नाही. कुंदा, मी तुझ्यावर चिडले होते. मी मनात तुला म्हणत होते, बघ, सगळं ओळखलं, वेळेत ओळखलं. मग?

मी आत आले. तू जागी होतीस. वाचा नव्हती, उजवं अंग नव्हतं, पण डोळे तुझे होते. एक नवी नर्स तपासायला आली, नुकती पास झालेली. तिने तुला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, तू कोण ते तिला ठाऊक नव्हतं. ती वाकून म्हणाली, "आजी, दात दाखवा बघू."

तू दाखवले नाहीस. डाव्या हाताने तिची बाही धरलीस आणि ओढलीस. तिला वाटलं तुला काही हवंय. तिने उशी सारखी केली. तू पुन्हा ओढलंस, बाजूला, पायथ्याकडे. मलाही काही कळेना. मी तिला म्हणाले, ती नेतेय तशी सरक. ती एक पाऊल सरकली. तिच्या पाठीमागे खिडकी होती. इतका वेळ तिची सावली तुझ्या तोंडावर पडली होती. ती सरकली तसा सकाळचा उजेड सरळ तुझ्या चेहऱ्यावर आला.

मग तू तिची बाही सोडलीस, आणि दात दाखवलेस. एक बाजू वर आली, दुसरी आली नाही. ती मुलगी नीट बघेपर्यंत तू चेहरा तसाच धरून ठेवलास.